पोटाचं डायलिसिस: पाण्याचा हिशेब घरी कसा ठेवावा

सीएपीडी म्हणजे नळीतून पोटात साखरेचं औषधी पाणी भरून, काही तासांनी ते काढून घरीच करायचं डायलिसिस. त्याच्या रुग्णाला घरी वजनकाटा, बीपीचं मशीन, पिशवी टांगून तोलायचा काटा आणि एक वही लागते. सकाळी शौचाहून आल्यावर, न्याहारीआधी वजन करा. पोटात पाणी भरलेलं असलं तर काटा 2 किलो जास्त दाखवतो, म्हणून रोज एकतर पाणी काढूनच करा किंवा रोज भरूनच.

निघालेलं पाणी मोजताना हमखास गफलत होते. 2 लिटरच्या पिशवीत थोडं जास्तच पाणी असतं, आणि नळी धुताना त्यातलं काही थेट ड्रेनच्या (पोटातलं पाणी काढून घ्यायच्या रिकाम्या) पिशवीत उतरतं. ते रुग्णाचं पाणी समजलं की आकडा फुगतो. त्यापेक्षा वरचं वेष्टन काढून दोन्ही पिशव्यांचा अख्खा संच आधी तोला, एक्स्चेंज (जुनं पाणी काढून नवं भरणं) झाल्यावर पुन्हा तोला. वजन 300 ग्रॅम वाढलं, तर साधारण 300 मिली पाणी शरीराबाहेर गेलं. एकेका आकड्यापेक्षा दिवसाची बेरीज महत्त्वाची.

ही बेरीज, 24 तासांची लघवी आणि वर साधारण 500 मिली, एवढीच दिवसभराच्या पिण्याची मर्यादा. नेमका आकडा डॉक्टर ठरवतील. पेज, सोलकढी, आमटी, शहाळं, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यात धरायचं. पण खरी किल्ली मिठाची. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम चमचाभर. सुकट, खारा बांगडा, लोणचं, पापड खाऊन तहान आवरत नाही. मग पाणी मोजून उपयोग काय?

पिशव्या 1.5, 2.5 आणि 4.25 टक्के साखरेच्या. साखर जास्त तितकं पाणी जास्त ओढलं जातं, पण ती साखर रक्तातही जाते आणि पोटाचा पडदा हळूहळू खराब होतो. खारं खाल्लं म्हणून मनानेच 4.25ची लावू नका. 1.5ची रात्रभर ठेवली तर साखर शोषली जाते आणि पाणी उलट अंगात मुरतं. पाणी पोटात बराच वेळ ठेवायचं असेल तर डॉक्टर आयकोडेक्स्ट्रिन नावाचं वेगळं द्रावण देतात. त्यावर काही ग्लुकोमीटर साखर खोटी जास्त दाखवतात, तेव्हा आपली पट्टी चालेल का ते आधी विचारा.

पाणी कमी निघालं तर क्लॅम्प (नळीचा चाप) आणि नळीची मोड बघा, पिशवी पोटाच्या खाली ठेवा, कूस बदला. पुष्कळदा कारण बद्धकोष्ठ असतं. पांढरे धागे दिसले तर केंद्राला फोन करा. पाणी गढूळ आलं तर पिशवी जपून ठेवून लगेच कळवा, उद्यावर ढकलू नका.

दिवसात किलोभर वजन वाढलं किंवा पायांना सूज आली, तरी फोन करा. आडवं झाल्यावर दम लागत असेल तर थेट दवाखाना गाठा. उलट उठताना चक्कर, पायांत गोळे, बीपी खाली, हे पाणी जास्त निघाल्याचं लक्षण; मे महिन्याच्या घामात किंवा जुलाबात हे चटकन होतं. भूक सुधारून अंग भरलं तर ठरवून दिलेलं ड्राय वेटही (अंगात जादा पाणी नसतानाचं वजन) बदलतं, म्हणून ते दर भेटीत नव्याने विचारून वहीत लिहा.