वृद्धाश्रमाचा कॉरिडॉर : या चुका टाळा

"पाच मिनिटांसाठीच ठेवलंय" हे वाक्य ज्या मजल्यावर ऐकू येतं, तिथे आज ना उद्या कोणीतरी पडणार असं मी धरूनच चालते.

सगळ्यात घातक म्हणजे ब्रेक न लावता उभी केलेली व्हीलचेअर. एका नव्या मुलाने ती रेलिंगला टेकवली आणि चहाला गेला. मागून एक आजी रेलिंग धरत आल्या. मध्ये खुर्ची, म्हणून तिच्याच हँडलवर भार टाकला. खुर्ची सरकली, आजी खाली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण जेवणघरापर्यंत त्या पुन्हा आपल्या पायांनी आल्या नाहीत. मुलाचं म्हणणं एकच, "ताई, खुर्ची तर कडेला होती." अरे, मधून आपण धडधाकट माणसं चालतो. वॉकरवाले, मोतीबिंदूवाले कडेनेच चालतात!

दुसरा राग टॉवेलांवर. पावसाळा लागला की रेलिंगची दोरी होते. रात्री लघवीला उठलेल्या आजोबांच्या हाती पाइपाऐवजी टॉवेल येतो आणि तो त्यांच्यासकट खाली येतो. रेलिंग जमिनीपासून ८० ते ९० सेंटीमीटरवर, भिंतीपासून बोटं मावतील इतकं सुटं हवं, हे बांधताना सगळे बघतात. नंतर त्यावर चादरी. मी रात्री दिवे कमी झाले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेलिंगवर हात फिरवत जाते. हाताला जे लागेल ते उचलायचं. कोणाचं आहे, हे सकाळी बघू.

लादी अर्धी पुसा, ती वाळली की उरलेली अर्धी. नव्या मावशींना घाई असते, भिंतीपासून भिंतीपर्यंत एकदम ओलं करतात, तेही नाश्त्याच्या वेळेला. आणि फिनेल जास्त ओतल्याने फरशी जास्त स्वच्छ होत नाही.

पायपुसणी कॉरिडॉरमध्ये नकोतच. वॉकरची रबरी बुचं झिजली की लगेच बदला. बाथरूमच्या वाटेवरचा दिवा रात्रभर चालू. विजेच्या बिलाचं मी बघून घेईन.

पडझड झाली की कमिटीला आधी सीसीटीव्ही सुचतो. त्याआधी स्टोअररूम उघडा. मोडके पलंग भंगारात काढलेत, तर चारही व्हीलचेअर तिथे आरामात मावतात.