दृष्टिबाधित विद्यार्थ्याला इंग्रजी कसं शिकवावं

ठाण्यात किंवा नवी मुंबईत एखाद्या अंध मुलाला इंग्रजी शिकवायचं तुम्ही मनावर घेतलं असेल, तर पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नका. आधी त्यालाच विचारा: थोडं दिसतं का? दृष्टी जन्मापासून नाही, की नंतर गेली? वाचतोस कशावर, ब्रेलवर, मोठ्या अक्षरांवर की फक्त मोबाईलवर ऐकून? पुढचं सगळं या उत्तरांवर ठरतं. ज्याला थोडं दिसतं, त्याला ठळक, मोठा टाईप आणि चांगला उजेड पुरेसा ठरू शकतो. उगाच ब्रेल लादू नका.

मराठी ब्रेल येत असेल, तर अर्धी वाट सरलेली असते. ब्रेलचं घर सहा ठिपक्यांचं, मग भाषा कुठलीही असो. आणि भारती ब्रेलमधली, म्हणजे मराठीसह भारतीय भाषांच्या ब्रेलमधली, बरीच अक्षरं इंग्रजीशी जुळतात. ब म्हणजे बी, म म्हणजे एम, ल म्हणजे एल. म्हणून पहिला शब्द ‘पेन’ द्या. मराठीत प, ए, न आणि इंग्रजीत पी, ई, एन, ठिपके तेच. मुलाचं बोट तो शब्द लगेच ओळखतं, आणि इंग्रजी परकी वाटेनाशी होते. नंतर ‘कॅट’ द्या. तो ‘चअत’ असं वाचेल, कारण सी चे ठिपके मराठीत च चे आहेत. क्यू च्या जागी त्याला क्ष सापडेल. अशा वेगळ्या अक्षरांची यादी सुरुवातीलाच करून ठेवा.

दुसरी पायरी वस्तूंची. ‘चित्र पाहा आणि सांगा’ हा धडा इथे उपयोगाचा नाही. चमचा, कुलूप, वाटाण्याची शेंग हातात द्या. ऑन, इन, अंडर शिकवायला एक डबा आणि एक किल्ली पुरते: किल्ली त्यानेच ठेवायची आणि वाक्यही त्यानेच म्हणायचं.

उच्चारांना वेळ द्या. डोळस मूल शिक्षकाचे ओठ पाहून शिकतं. इथे ते शब्दांत सांगावं लागतं. ‘व्हॅन’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, ‘वन’ला ओठ गोल होतात. ‘पेन’ म्हणताना त्याला तळहात तोंडासमोर धरायला सांगा. इंग्रजी प बरोबर आला तर हवेचा झोत हाताला लागतो. त्याचा हात धरून दाखवायचं असेल, तर आधी विचारा.

आता स्पेलिंग. माझं ठाम मत आहे की नुसतं ऐकवून इंग्रजी शिकवणं हा मुलावर अन्याय आहे. ‘सी’ म्हणजे पाहणं आणि ‘सी’ म्हणजे समुद्र, कानाला दोन्ही सारखेच. मोबाईलमुळे ब्रेल मागे पडू देऊ नका. प्रत्येक नवा शब्द बोटांनी वाचायला हवा, ब्रेलच्या पाटीवर टोचायला हवा. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचतात आणि कागद उलटून वाचतात, हे तुम्हीही करून पाहा. संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, घ्या. डाव्या-उजव्या बाणाने तो एकेक अक्षर बोलतो. आवाज भारतीय इंग्रजीचा आणि वेग कमी ठेवा.

ऐकण्याचा सराव मात्र ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये छान होतो. ठाण्याहून वाशीला जाताना ऐरोली, रबाळे, घणसोली अशी स्टेशनं मराठी, हिंदी, इंग्रजीत पुकारली जातात. इंग्रजी वाक्य त्याच्याकडून म्हणवून घ्या. मग ‘विच स्टेशन इज नेक्स्ट?’ हा प्रश्न त्याला शेजारच्या प्रवाशाला विचारू द्या. उत्तर मिळाल्यावर आभारही त्यानेच मानायचे, तुम्ही मध्ये पडू नका.

इंग्रजीतलं संक्षिप्त ब्रेल, ज्यात ‘अँड’ आणि ‘द’ एकेका घरात मावतात, पूर्ण स्पेलिंग पक्कं झाल्यावरच सुरू करा. वाचायला पुस्तकं २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाईन ग्रंथालयात मिळतात. हवं ते पुस्तक तिथे नसेल, तर ते टाईप करून द्या: २०१२ सालच्या दुरुस्तीनंतर कॉपीराईट कायदा दिव्यांगांसाठी अशी सुलभ प्रत करायला मुभा देतो, मात्र त्यातून नफा कमवायचा नाही.