इंजिनाची आगाऊ दुरुस्ती: खर्चाचा हिशेब कसा मांडावा

गाडी विनातक्रार चालत असताना इंजिनावर खर्च करावा का, हे ठरवताना बहुतेक जण सुट्या भागाची किंमत विचारतात. त्याहून महत्त्वाचे प्रश्न दोन आहेत: तो भाग निकामी झाल्यास सोबत आणखी कशाचे नुकसान होईल, आणि त्या भागापर्यंत पोहोचण्यासाठी इंजिन किती खोलावे लागेल.

टायमिंग बेल्टचे, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याचे पाहा. अनेक इंजिनांत हा रबरी पट्टा चालत्या गाडीत तुटला, की उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर (झडपांवर) पिस्टन आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवण्याखेरीज गत्यंतर उरत नाही. बेल्ट बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षे अशी दुहेरी दिलेली असते व जी आधी संपेल ती धरायची असते. रबर उभ्या गाडीतही जुने होतेच, त्यामुळे कमी वापर असणाऱ्यांनी वर्षांकडे विशेष लक्ष द्यावे. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल, तर तोही त्याच वेळी बदलून घ्यावा, अन्यथा तीच मजुरी पुन्हा मोजावी लागते.

आता आकडेमोड. आगाऊ कामाचा खर्च 1 भाग आणि बिघाडानंतरचा खर्च, टोइंग व गाडीविना गेलेले दिवस धरून, 8 भाग मानला, तर गाडी तुमच्याकडे असेपर्यंत तो बिघाड होण्याची शक्यता साडेबारा टक्क्यांहून अधिक वाटताच आगाऊ काम स्वस्त ठरते. शक्यतेचा हा आकडा अंदाजाचाच असतो. तरीही तो कागदावर मांडला की गॅरेजमधील घाईचा किंवा भीतीचा परिणाम निर्णयावर कमी होतो. मात्र बिघाडाचे नुकसान गाडीच्या आजच्या बाजारभावापेक्षा जास्त धरू नये, कारण त्यापलीकडे दुरुस्ती न करता गाडी भंगारात काढणेच परवडते. वर्षभरात गाडी विकायची असेल, तर हिशेब आणखी बदलतो.

काही कामे थांबू शकतात. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या ऑइल सीलमधून (तेल अडवणाऱ्या कडीतून) क्वचित थेंब पडत असेल, तर सील स्वस्त असले तरी त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. अशा वेळी ऑइलची पातळी नियमित तपासत, क्लच बदलण्याच्या वेळेपर्यंत थांबणे शहाणपणाचे असते. तेल क्लचप्लेटवर जाऊ लागले, की ही सवलत संपते. कूलंट कमी होत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये, कारण इंजिन तापले की ॲल्युमिनियमचे हेड वाकडे होऊ शकते.

गॅरेजकडून अंदाजपत्रक घेताना मजुरी आणि सुटे भाग वेगवेगळे लिहून मागावेत, म्हणजे कोणती दोन कामे एकाच मजुरीत बसतात ते दिसते. पुस्तिकेत उल्लेख नसलेले इंजिन फ्लशसारखे (इंजिन आतून धुण्यासारखे) काम सुचवले गेल्यास, ते न केल्याने नेमके काय बिघडेल असे विचारावे आणि स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर ती रक्कम वेळेवर ऑइल बदलण्यासाठी राखून ठेवावी.