पाहुण्यांच्या गाद्या-पांघरुणं ठेवताना या चुका टाळा

“गाद्या ठेवायला जागाच नाही हो,” हे वाक्य आमच्या बिल्डिंगमध्ये महिन्यातून एकदा तरी कानावर येतं. बोलणारीच्या घरी जावं, तर पलंगाखाली चाकं तुटलेल्या दोन बॅगा, माळ्यावर टीव्हीचं रिकामं खोकं, आणि गाद्या कुठे, तर हॉलच्या कोपऱ्यात चादरीखाली लपवलेल्या. जागा असते. ती दुसऱ्याच कुणी अडवलेली असते.

मीही काही वेगळी नव्हते. नेरूळच्या आमच्या वन बीएचकेत माणसं चार, आणि एका सुट्टीत मोजल्या तेव्हा गाद्या नऊ, उशा चौदा. चादरी मोजायचं मी मध्येच सोडून दिलं. यातलं काहीही हौसेनं आणलेलं नव्हतं. एक गादी सासूबाईंच्या लग्नातली, दोन नणंदेनं घर बदलताना “वहिनी, तुमच्याकडे राहू देत थोडे दिवस” म्हणून टाकलेल्या. चादरी वास्तुशांती, बारसं, मुंज अशा मार्गांनी आलेल्या. आहेरात सोलापुरी चादर द्यायची पद्धत ज्यानं काढली, त्याच्या घरचा माळा मोठा असणार.

तेव्हा पहिली चूक हीच, की लोक गाद्या मोजायच्या आधी सुताराला बोलावतात. माझा हिशेब साधा आहे. आजवर आपल्या घरी एका रात्री जास्तीत जास्त किती पाहुणे झोपले? आमच्याकडे गौरी-गणपतीत पाच. तेवढ्यांपुरतं ठेवायचं, बाकी काढायचं. लग्नकार्याला पंधरा माणसं येणार असतील तर मंडप-डेकोरेशनवाले गाद्या-उशा भाड्यानं देतात, नाहीतर शेजारून आणाव्यात. वर्षातल्या दोन रात्रींसाठी बाकीच्या ३६३ रात्री गाद्यांच्या ढिगाशेजारी झोपण्यात काय शहाणपण आहे?

आता माझी सगळ्यात नावडती चूक: पाहुणे रिक्षात बसले की लगेच गाद्या पलंगाच्या पेटीत.

ही मी स्वतः केली आहे, म्हणून जास्त राग येतो. २०२२ च्या गणपतीला साताऱ्याहून दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं आणि मावससासूबाई आल्या होत्या. ५ सप्टेंबरला गौरी-गणपती गेले, दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी निघाली. बाहेर पावसाची झड, घरभर पसारा. मी अर्ध्या तासात गाद्या, रजया, उशा सगळं बॉक्स पलंगात भरलं, झाकण टाकलं आणि हात झटकले. वर चहा करून प्यायले, स्वतःचं कौतुक म्हणून.

दिवाळीच्या साफसफाईला झाकण उचललं, तर आधी वास आला. ओलं पोतं आणि शिळा पाव यांच्या मधला. वरची रजई धड दिसत होती. ती उचलली तर खालच्या गादीच्या भिंतीकडच्या कडेला हिरवट पूड, आणि प्लायवर काळे ठिपके, कोणी शाईचं पेन झटकल्यासारखे. सगळ्यात खाली सासूबाईंच्या आईची गोधडी होती, जुन्या नऊवारींचे थर घालून हातानं शिवलेली. तिच्या कोपऱ्याला हात लावला तर टाका सुटून धागा बोटाला आला. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

झालं काय होतं? माणसाचा रात्रभराचा घाम आणि अंगाची ओल गादीत उतरते, आणि कापूस ती धरून ठेवतो. उन्हाळ्यात ती दिवसभरात उडून जाते. पावसाळ्यात जाणार कुठे? हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीचं फावतं, आणि खाडीकाठच्या आमच्या नेरूळात जुलै-ऑगस्टमध्ये ती बहुतेक दिवस ८० च्या पुढेच असते. त्यात आमचा पलंग पश्चिमेच्या भिंतीला चिकटून. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. त्या भिंतीला आतून हात लावला तरी गार लागायची, पण पलंगामागे हात कोण घालतंय!

दोन उशा फेकल्या. उशीच्या आत बुरशी गेली की ती काढता येत नाही, उगाच जीव अडकवू नये. गादी गच्चीवर नेऊन, तोंडाला फडकं बांधून, कडक ब्रशनं झाडली आणि ऑक्टोबरच्या उन्हात तीन दिवस उलटीपालटी केली. घरात झाडू नका, ती पूड सगळीकडे उडते आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. गोधडी कोमट पाण्यात हलक्या हातानं धुतली. वास गेला, काळे डाग आहेत तसेच आहेत.

त्यानंतरची माझी सवय अशी: पाहुणे गेले की गाद्या एक अख्खा दिवस पंख्याखाली उभ्या. दोन गाद्या एकमेकींना टेकवून तंबूसारख्या केल्या की दोन्ही बाजूंनी वारा लागतो. हॉलमध्ये दिवसभर चालायला जागा राहत नाही, नवरा कुरकुरतो, कुरकुरू दे. पाऊस लागलेला असेल तर एसी ड्राय मोडवर दोन तास. पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेला. पेटीच्या दोन्ही बाजूंना सुताराकडून इंचभराची भोकं पाडून आतून जाळी ठोकून घेतली. तळाशी वर्तमानपत्र घालत नाही, कागद म्हणजे कसरीला आमंत्रण. जुनी सुती साडी घालते. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा झाकण उघडून तासभर तसंच ठेवते. हे ऐकून आमच्या मजल्यावरची एक नवी नवरी म्हणाली, “काकू, एवढं कोण करतं? दोन डांबरगोळ्या टाकायच्या.” लगेच उपाय हवा, तोही वीस रुपयांत.

तर डांबरगोळ्या. त्या किड्यांसाठी आहेत, ओलीशी त्यांचा काही संबंध नाही. ढेकूणही त्यांनी जात नाहीत. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत, पांघरुणांत तर त्या बिलकूल घालू नका. काही बाळांच्या रक्तात एक विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असतं, त्यांना त्या वाफेनं कावीळ होऊ शकते. गोळ्या आणि कापूर एकत्रही ठेवू नका, दोन्ही मिळून पाझरतात आणि कापडावर डाग पडतो. मी कडुलिंबाचा पाला वापरते, पण सावलीत कुरकुरीत वाळवलेला. ताजा पाला कोंबणाऱ्यांनी घरात ओल हौसेनं आणलेली असते.

ओल शोषणाऱ्या डब्या मिळतात, त्या बंद कपाटात काम करतात. मात्र खाली साचलेलं खारं पाणी पांघरुणावर सांडलं तर डबी नसती तर बरं, असं वाटेल.

खळ केलेली चादर वर्षभरासाठी ठेवू नका. कसर आधी तीच खाते.

काळ्या कचऱ्याच्या पिशवीत रजई बांधून ठेवू नका. एकतर ती गुदमरते, दुसरं म्हणजे एखाद्या दिवशी कचऱ्यात जाते. आमच्या खालच्या मजल्यावर गेली आहे.

जिन्यात, डक्टमध्ये गाद्या ठेवणाऱ्यांशी मी वादच घालत नाही. आग लागली तर उतरायची वाट तीच आहे.

व्हॅक्यूम पिशव्यांवर मात्र मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण त्यांच्या जाहिराती बघून शहाणी माणसं वेडी होतात. माझी धाकटी जाऊ ठाण्यात घोडबंदर रोडला चोविसाव्या मजल्यावर राहते. घर देखणं, पण माळा नावाला नाही. तिनं अशा सहा पिशव्या मागवल्या, हवा ओढली आणि मला व्हिडिओ कॉल केला: “ताई, बघा तरी, अख्खी गादी पोळपाटाएवढी झाली!” गादी मेमरी फोमची होती. मी म्हटलं, काढ गं ती बाहेर. म्हणाली, “अहो ताई, पिशवीवर लिहिलंय ना.” आठ महिन्यांनी तिचे आईवडील आले तेव्हा गादी काढली. मधोमध आडवी घडी पडलेली, एका बाजूला चार बोटं जाडी, दुसऱ्या बाजूला दोन. वडील बिचारे दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसले आणि वर “छान झोप लागली” म्हणाले.

फोम आणि लॅटेक्स दीर्घकाळ दाबून ठेवायचे नसतात, फुगायची ताकद जाते. लॅटेक्सला कडक ऊनही मानवत नाही. फायबरची रजई महिना-दोन महिने दाबली तर चालते. कापसाची गादी दाबली तर गठ्ठा होतो, पण ती निदान पिंजून घेता येते. पूर्वी पिंजारी दारावर यायचा, त्याच्या तारेचा टंग-टंग आवाज दुपारभर चालायचा; आता मशिनवाला शोधावा लागतो. शिवाय त्या पिशव्यांना कुठेतरी सुईएवढं भोक पडतंच, आणि पोळपाट हळूहळू पुन्हा गादी होतो, तोही कपाटाच्या आत. मग कपाटाचं दार लागत नाही. पिशवी वापरायचीच तर कोरड्या ठणठणीत चादरी-ब्लँकेटांना वापरा.

माळ्याबद्दल एकच नियम: स्टुलावर चढून एकट्या बाईला जे खाली काढता येत नाही, ते माळ्यावर ठेवायचं नाही. कापसाची गादी दहा-बारा किलोची असते. आमच्याकडे ती काढायला दर वेळी नवरा लागायचा, आणि नवरा लागतो त्या वस्तूला ऊन लागत नाही. आता माळ्यावर फक्त रजया आणि ब्लँकेटं, तीही बेडरूमच्या. स्वयंपाकघराच्या माळ्यावरची रजई अंगावर घेतली की रात्रभर फोडणीचा वास येतो.

मग गाद्या कुठे? माझी आवडती जागा कपाटात नाहीच. रोजच्या गादीखाली एक पातळ गादी अंथरून टाकायची. दोन पलंग, दोन गाद्या गेल्या. पलंग चार बोटं उंच होतो, मऊही लागतो. आमच्या आईकडे हे असंच होतं, त्याला कोणी स्टोरेज म्हणत नव्हतं. दोन रजया गोल गुंडाळून जाड खोळीत घातल्या की त्यांचा लोड होतो, हॉलच्या दिवाणावर वर्षभर टेकायला. चादर आणि तिचे अभ्रे त्याच जोडीतल्या एका अभ्र्यात भरून ठेवायचे, म्हणजे रात्री अकराला पाहुणे आले तर एकच पुडकं काढायचं. हायड्रॉलिक पलंग असेल तर तो किती वर्षांचा झाला ते आठवा. पंप सैल झाला की झाकण डोक्यावर येतं. मी आत एक लाकडी दांडकं ठेवलं आहे.

आमच्या नवातल्या आता सहा गाद्या राहिल्या आहेत. एक सासूबाईंच्या परवानगीनं वॉचमनकाकांना दिली, बुरशीवाली शेवटी मोडलीच, आणि नणंदेच्या दोनांपैकी एक मी स्वतः टेम्पोत घालून तिच्या घरी पोचवली. दुसरी अजून आमच्याकडेच आहे. विषय काढला की ती म्हणते, “वहिनी, दिवाळीला आले की नेते.” दिवाळीला येते, त्याच गादीवर दोन रात्री झोपते, आणि जाते.