ब्युइक स्ट्रेट-एटचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकू नये म्हणून

ब्युइक या अमेरिकी मोटार कंपनीने 1931 ते 1953 या काळात वापरलेले, एका रांगेतील आठ सिलिंडरचे इंजिन अतिशय दणकट आहे. त्याचा बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला जळका वायू गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग, मात्र निष्काळजी जोडणी सहन करत नाही. तो वयोमानाने तडकतो असे सर्रास मानले जाते, पण माझ्या मते बहुतेक तड्यांचे मूळ करकचून आवळलेल्या नटांत असते.

सत्तर सेंटीमीटर लांबीचे बीड 400 अंश सेल्सिअसने तापले, की सुमारे 3 मिलिमीटर वाढते. त्याच वेळी पाण्यामुळे थंड राहणारे सिलिंडर हेड जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. हा फरक सामावून घेता यावा म्हणून मॅनिफोल्डचे भाग वेगवेगळे ओतून एकमेकांत सरकणाऱ्या जोडांनी बसवलेले असतात. हे जोड गंजाने व काजळीने जाम झाले, किंवा गळती थांबावी म्हणून कोणी ते वेल्ड करून टाकले, तर सारा ताण टोकाकडील पोर्टांवर, म्हणजे वायू आत येण्याच्या तोंडांवर, येतो आणि बीड तिथेच तडकते. म्हणून मॅनिफोल्ड उतरवल्यावर हे जोड मोकळे करणे, हे पहिले काम. नट सोडण्याच्या आदल्या रात्री स्टडांवर (नट ज्यांवर बसतात त्या आटे पाडलेल्या दांड्यांवर) गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे आणि हट्टी नटाला जोर लावण्याऐवजी उष्णता द्यावी.

यानंतर बैठकीचा पृष्ठभाग सरळ पट्टी व फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पात्या) लावून तपासावा. पाव मिलिमीटरपेक्षा जास्त फट आढळल्यास मशीन शॉपमध्ये फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट कापून, घ्यावे, आणि तेही इनटेक (सिलिंडरांना मिश्रण पोचवणारा) व एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकत्र जोडून, एकाच बांधणीत. याचे कारण असे, की एकाच नटाखालचा जाड वॉशर दोघांच्याही कडा दाबतो. त्यांच्या जाडीत फरक राहिला, तर एक बाजू घट्ट आवळली जाते आणि दुसरी गळू लागते.

बसवताना वॉशरच्या खाली व सरकत्या जोडांवर ग्रॅफाइट लावावे. नट मधून सुरू करून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्याइतकेच टॉर्क रेंचने आवळावेत. इंजिन काही वेळा तापून थंड झाल्यावर पुन्हा तपासावे, पण आकडा वाढवू नये. सायलेन्सरच्या पाइपाचे वजन मॅनिफोल्डवर लोंबकळत नाही ना, हेही पाहावे.

मधल्या भागातील हीट रायझरची, म्हणजे इंजिन थंड असताना एक्झॉस्टची उष्णता इनटेककडे वळवणारी, झडप बंद स्थितीत अडकली, तर तेवढाच भाग प्रमाणाबाहेर तापतो. इंजिन थंड असताना ती हाताने सहज फिरली पाहिजे. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडले किंवा मिश्रण पातळ झाले, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले, तरी एक्झॉस्टची उष्णता वाढते. भारतात सध्या मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण पातळ होतेच, त्यामुळे गाडी इथे चालवणाऱ्यांनी जेट (कार्ब्युरेटरमधील इंधनाचे मोजके छिद्र) बदलण्याचा विचार अवश्य करावा. तापलेल्या इंजिनावर पाणी मारणे तर पूर्णपणे टाळावे.

गळती ओळखण्यासाठी थंड इंजिन सुरू करून टिकटिक ऐकावी; तापल्यावर ती थांबते, म्हणून अनेक जण तिच्याकडे दुर्लक्ष करतात. जोडाभोवती काजळीचा पट्टा दिसला, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी बंद गॅरेजमध्ये चालू ठेवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पडलेला तडा वेल्ड करायचाच असेल, तर संपूर्ण ओतकाम आधी एकसारखे तापवून, निकेलच्या रॉडने वेल्ड करून, नंतर राखेत किंवा वाळूत सावकाश थंड होऊ देणारा कारागीरच निवडावा.