जीभ अडखळवणारे शब्द मोठ्याने वाचताना

भाषण, निवेदन किंवा बातमी वाचण्याआधी मजकूर एकदा मोठ्याने वाचाच. मनात वाचताना डोळे अवघड शब्दावरून सरकून जातात, अडखळते ती जीभ. जिथे अडखळाल तिथे पेन्सिलीने खूण करा.

मग शब्द फोडा. जोडाक्षरातला अर्धा वर्ण आधीच्या अक्षराला चिकटवला की बहुतेक गाठी सुटतात. ‘निर्भर्त्सना’ हा शब्द ‘निर् / भर्त् / सना’ असा लिहून पाहा, लगेच तोंडात बसतो. लांबलचक सामासिक शब्द मात्र शेवटाकडून बसवावा: आधी ‘विमूढ’, मग ‘कर्तव्यविमूढ’, मग पूर्ण ‘किंकर्तव्यविमूढ’. सुरुवातीकडून घोकलं की शेपूट कच्चं राहतं आणि ऐन वेळी तिथेच दम संपतो. शेवटाकडून गेलं तर प्रत्येक पुढचा तुकडा ओळखीचा निघतो. मला ही रीत सगळ्यांत भरवशाची वाटते.

दिसायला सोपे शब्दही फसवतात. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा; ‘जरा थांबा’ आणि ‘जरा-व्याधी’ (इथे जरा म्हणजे म्हातारपण) यांतला ज वेगळा. लिपीत हा फरक दिसत नाही, म्हणून शंका असेल तिथे कागदाच्या कडेला खूण हवी. ‘सिंह’, ‘संशय’ यांतल्या अनुस्वाराचा उच्चार ‘सिंव्ह’, ‘संव्शय’ असा होतो.

परकी नावं आदल्या दिवशी जाणकाराला विचारून, ऐकू येतात तशी देवनागरीत लिहून ठेवा. आणि कागदावर अक्षर मोठं, ओळींत मोकळी जागा. शब्द ओळीच्या शेवटी तुटू देऊ नका.