‘बॉलपार्क’चा आकडा आणि माझे दोन दिवस

बार्शीला मराठी माध्यमात शिकताना इंग्रजी वाक्प्रचारांची अख्खी यादी मला तोंडपाठ होती. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे मुसळधार पाऊस, ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे. हमखास मार्कांचा प्रश्न. हिंजवडीत परदेशी क्लायंटच्या कॉलवर बसायला लागून आता नऊ वर्षं झाली. कुत्र्यामांजरांचा पाऊस अजून एकदाही कानावर पडलेला नाही.

जे पडलं ते यादीत नव्हतं. तिसऱ्याच महिन्यात अमेरिकेतल्या क्लायंटनं विचारलं, या कामाचा ‘बॉलपार्क फिगर’ काय? शब्द कळला नाही आणि विचारायची लाज. आकडा हवाय एवढं उमगलं. दोन दिवस एक्सेल उघडून बसलो, एकेका स्क्रीनचे तास मांडले आणि मेल टाकला: ३४७ तास ३० मिनिटं. पलीकडून उत्तर आलं की तीनशेच्या आसपास की पाचशेच्या, एवढंच त्या दिवशी कॉलवर हवं होतं.

बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. आकडा मैदानाच्या आत पडला की पुरे. आपला ‘ढोबळ आकडा’. त्याला ‘अंदाजपंचे’ मात्र समजू नका. अंदाजपंचे बोललेलं कुणी धरून ठेवत नाही. बॉलपार्क सांगितलात की तो महिनाभरानं तुमच्याच नावानं समोर येतो. म्हणून मी आता ‘तीनशे ते चारशे’ असंच सांगतो, आणि वरची बाजू जरा सैल ठेवतो.

अमेरिकन बोलण्यात बेसबॉल असा जागोजागी लपलेला असतो. ‘टच बेस’ म्हणजे जरा बोलून घेऊ. ‘कर्व्हबॉल’ म्हणजे ध्यानीमनी नसताना आलेली अडचण. ‘रेन चेक’ची गंमत वेगळी: पावसानं सामना रद्द झाला की पुढच्या सामन्याला चालणारं तिकीट मिळायचं, त्यावरून ‘आज नको, पुन्हा कधीतरी’. हे ‘पुन्हा कधीतरी’ आपल्या ‘या एकदा घरी’सारखंच, तारीख विचारायची नसते. ब्रिटिशांचं क्रिकेट आपल्याला सोपं. ‘स्टिकी विकेट’ म्हणजे पावसात भिजून उन्हात वाळत असलेली खेळपट्टी, चेंडू कसाही उसळणार. अर्थात कठीण प्रसंग.

खरी फजिती साध्या शब्दांत होते. ‘लेट्स टेबल दिस’ ब्रिटिश माणूस म्हणाला तर विषय चर्चेला घेऊ, अमेरिकन म्हणाला तर तूर्त बाजूला ठेवू. शब्द तोच, अर्थ नेमका उलटा. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांची एक बैठक याच शब्दावरून बरीच तापली होती, असं चर्चिलनं आपल्या युद्धाच्या आठवणींत लिहून ठेवलंय. तिथं आपली काय कथा! लंडनच्या टीमनं माझ्या डिझाइनला ‘क्वाइट गुड’ म्हटलं तेव्हा मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला. ब्रिटिश तोंडात त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘बरं आहे, ठीक’ एवढाच असतो, हे दुसऱ्या दिवशी दुरुस्त्यांची यादी आली तेव्हा समजलं. एकदा पुण्यात आलेल्या पाहुण्याला कॉफी विचारली, तो म्हणाला ‘आय ॲम गुड’. मी कॉफी घेऊन आलो. त्याला ती नको होती.

उलट्या बाजूनंही जपावं लागतं. ‘आय पास्ड आउट इन २०१४’ असं मी ओळख करून देताना म्हणालो, तर अमेरिकन बाई काळजीनं बघायला लागल्या. त्यांच्याकडे पास आउट होणं म्हणजे बेशुद्ध पडणं. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा, प्रश्न मिटला. ‘प्रीपोन’ही, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, आपल्या देशापुरतंच धरा.

मराठीतून सरळ उचललेलं कधीकधी फिट बसतं. डोक्यावरून गेलं, जखमेवर मीठ चोळलं, ही दोन्ही इंग्रजीत जशीच्या तशी आहेत. पण ‘माझं डोकं खाऊ नकोस’ तिकडे नेलंत तर समोरचा घाबरेल.

नव्यानं लागलेल्यांना मी एकच सांगतो: ऐकलेला वाक्प्रचार लगेच वापरायला जाऊ नका. वहीत लिहा, आणि शेजारी कोण म्हणालं, कुठल्या देशाचं, कुठल्या क्षणी, हेही लिहा. दोन-तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकला की मग तोंडात येऊ द्या. कॉलवर अडलात तर ‘मीनिंग काय’ असं विचारू नका, समोरच्याला शब्दकोश व्हायला आवडत नाही. ‘म्हणजे आज ठरवायचं की पुढच्या आठवड्यात?’ असं दोन पर्याय देऊन विचारा. उत्तर मिळतं आणि आपल्याला कळलं नव्हतं हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बॉलपार्कच्या वेळी मी एवढंच विचारायला हवं होतं: अचूक आकडा की ढोबळ?